वराह, डुक्कर आणि पोर्क

मराठीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ‘मानसोल्लास’ हे नाव परीक्षेपुरते ठाऊक असते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या नावावरील हा संस्कृत ग्रंथ शके १०५१च्या सुमाराचा. त्यातील गीतविनोदाच्या प्रकरणात दशावतारांच्या स्तुतीपर काही ओळी मराठीत आल्या आहेत, आणि मराठीच्या आरंभकाळाची चर्चा करताना आपण त्यांच्याकडे बोट दाखवतो. तेवढ्या ओळी उतरवून घेतल्या की ग्रंथ मिटतो. शंभर अध्यायांच्या त्या ग्रंथात राज्यकारभार, वास्तू, हत्ती, घोडे, मल्लयुद्ध, संगीत असे बरेच काही आहे. तिसऱ्या विंशतीत ‘अन्नभोग’ नावाचा अध्यायही आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला या अध्यायातील एका पाककृतीपासून आरंभ करावयाचा आहे. ती पाककृती डुकराच्या मांसाची आहे.

कृतीचा गोषवारा असा. प्रथम अंगावरचे केस काढायचे. त्यासाठी दोन मार्ग सांगितले आहेत. जनावर पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यावर कढत पाणी ओतायचे, म्हणजे केस सहज सुटतात. नाहीतर अंगाला माती लिंपून गवताच्या जाळावर ते भाजायचे. कातडी स्वच्छ झाल्यावर मांस निखाऱ्यांवर भाजायचे. अशा भाजलेल्या प्रकाराला ‘शुंठक’ असे नाव आहे. त्याखेरीज ताडपत्रासारख्या पातळ पट्ट्या कापून त्या मसाला घातलेल्या दह्यात मुरवण्याचाही प्रकार आहे, त्या ‘चक्कलिका’.

राजाच्या ग्रंथात मसाल्यांची नावे असणारच; परंतु आमच्या मते या कृतीचे मर्म मसाल्यांपेक्षा विस्तवाच्या निवडीत आहे. गवताचा जाळ भडकन पेटतो आणि तितक्याच लवकर विझतो. तो कातडीपुरता उपयोगाचा. आतल्या मांसापर्यंत त्याची आच पोचत नाही. मांसासाठी निखारा हवा, कारण निखाऱ्याची धग मंद आणि एकसारखी असते. मोठा जाळ वरून करपवतो आणि आतून कच्चे ठेवतो, हे ज्याने हाताने केले आहे त्यालाच सुचणारे ज्ञान आहे. ते संस्कृत श्लोकात बसवणारा हात राजाचा अथवा त्याच्या पंडिताचा असेल. मुळात मिळवणारा हात आचाऱ्याचा होता.

आजचे पाकशास्त्र या ज्ञानाचे कारण सांगते. मांस तापू लागले की स्नायूंतील प्रथिने आक्रसतात व आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या पुढे हे पिळणे वाढत जाते. म्हणून पाठीचा कमी चरबीचा तुकडा अधिक वेळ ठेवला की कोरडा ठक्क होतो. खांद्याच्या भागाची गोष्ट निराळी. जन्मभर अंगाचा भार वाहणाऱ्या या भागात कोलॅजेन नावाचा चिवट धागा भरपूर असतो. सत्तर अंशांच्या पुढे, आणि तेही तासन्‌तास आच मिळाली तरच, हा धागा विरघळून त्याचे जिलेटिन होते. स्नायूंतले पाणी गेले तरी हे जिलेटिन आणि वितळलेली चरबी तंतूंमध्ये राहते आणि घास रसाळ लागतो. दोन किलोंचा खांदा आजच्या ओव्हनमध्ये एकशेवीस अंशांवर पाच-सहा तास ठेवावा, आतले तापमान नव्वदच्या आसपास गेले की काढावा आणि कापण्यापूर्वी अर्धा तास झाकून स्वस्थ ठेवावा, एवढीच ती युक्ती. घाई केली की तोच तुकडा चामड्यासारखा होतो. मऊपणा येथे वेळाने येतो. त्याला दुसरा उपाय नाही.

आता हा वेळ कोणापाशी होता, या प्रश्नाकडे वळू. चालुक्यांचे राजचिन्ह वराह होते. त्यांच्या ताम्रपटांवरील मुद्रांत तो दिसतो. दख्खनच्या सोन्याच्या नाण्यालाही पुढे ‘वराह’ हे नाव मिळाले. ज्या घराण्याच्या मुद्रेवर वराह, ज्याच्या दरबारी गायल्या गेलेल्या स्तुतीत वराह हा विष्णूचा तिसरा अवतार, त्याच घराण्याच्या ताटात तो निखाऱ्यावर भाजून येत होता. आणि यात कोणाला विसंगती वाटल्याचे दिसत नाही. धर्मशास्त्राने वाट आधीच मोकळी करून ठेवली होती. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला वराहाचे मांस दिल्यास पितर दहा महिने तृप्त राहतात असे म्हटले आहे, तर पाचव्या अध्यायात गावात हिंडणारे डुक्कर खाणारा द्विज पतित होतो असा निर्णय आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीचे प्राणी. फरक पडतो तो कुंपणाचा. रानातला तो वराह, राजाच्या शिकारीचा. गावातला तो विड्‌वराह, म्हणजे विष्ठा खाणारा, आणि त्याला पाळणारा माणूसही त्याच्याबरोबर गावाबाहेर.

‘मानसोल्लासा’त कृती लिहून ठेवली गेली, कारण खाणारा राजा होता. पुढच्या आठशे वर्षांत गावकुसाबाहेर जे भाजले गेले त्याची पाककृती कोणी लिहून घेतली नाही. कैकाडी, वडार आणि अशा इतर जमातींच्या वस्त्यांवर डुकरे पाळली जात होती. गवताच्या जाळावर केस जाळणे तेथेही चालू होते. ती कृती दरबारातून तेथे गेली की तेथून दरबारात आली, हे कोणत्याही ग्रंथावरून ठरवता येणार नाही. आमचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. राजाचा आचारी हा ज्ञान सुचवून घेणारा पहिला मनुष्य असण्याचे काही कारण नाही.

या संबंधाची एक खूण भाषेत मात्र शिल्लक आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाने एक कैकाडी शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आणला. त्याचा अर्थ डुक्कर. तमिळमध्ये ‘पन्री’, तेलुगूत ‘पंदि’, जुन्या कन्नडात ‘पंदि’ आणि आजच्या कन्नडात ‘हंदि’. कैकाडी ही द्राविडी कुळातील बोली असल्याने ‘फँड्री’ हा याच कुटुंबातला शब्द. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथील मुदपाकखान्यात श्लोक संस्कृतात रचले गेले असले, तरी आचारी आपसांत बोलताना त्या प्राण्याला जुन्या कन्नडातल्या घरगुती शब्दानेच हाक मारीत असणार. म्हणजे जो शब्द शाळेच्या वाटेवर जब्याला अपमानासारखा चिकटतो, त्याचा सख्खा भाऊबंद एके काळी राजवाड्याच्या स्वयंपाकघरात वावरत होता. कैकाडी समाजाची १८७१च्या कायद्याच्या छायेत ‘गुन्हेगार जमात’ म्हणून नोंद झाली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०चे. तोपर्यंत मराठी साहित्याला या वस्तीचा आतून आलेला आवाज जवळजवळ ठाऊक नव्हता, मग तिच्या चुलीची गोष्ट दूरच.

चुलीची गोष्ट सांगण्याचे काम आणखी उशिरा झाले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीचा इतका सविस्तर आलेख मराठीत त्यापूर्वी नव्हता. शीर्षकातला तो एक ‘अ’ आपल्या सगळ्या पाकपुस्तकांवरची टीका आहे. ब्रह्म पूर्ण असेल तर ज्यांचे अन्न त्यात धरलेच नाही त्यांचे काय, असा तो प्रश्न आहे.

गोव्यात या प्राण्याचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. १५१०मध्ये पोर्तुगीज आले. त्यांच्याबरोबर शिरक्यात आणि लसणीत मांस मुरवण्याची रीत आली. तिला येथील मसाल्यांची आणि माडाच्या शिरक्याची जोड मिळून विंदालू तयार झाले. सोरपोतेल आणि भाजलेले कोवळे पिल्लू ही सणासमारंभाची पक्वान्ने झाली. म्हणजे कोकणपट्टीवर, थोड्याच कोसांच्या अंतराने, तेच मांस एका घरी लग्नाचे जेवण आणि दुसऱ्या घरी उच्चारही न करण्याची गोष्ट. मांसाला स्वतःची अशी प्रतिष्ठा नसते. ती खाणाऱ्याकडून त्याला मिळते.

वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात विदूषक वाँबा डुकरे राखणाऱ्या गर्थला हीच गंमत सांगतो. प्राणी जिवंत असून सॅक्सन गुलामाच्या राखणीत असेतो त्याचे नाव सॅक्सन. सरदाराच्या मेजावर गेला की त्याचे नाव नॉर्मन फ्रेंच, म्हणजे ‘पोर्क’. इंग्रजीचे अध्यापक हा उतारा शब्दव्युत्पत्तीसाठी वर्गात वापरतात. मराठीत याहून तीव्र उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, याकडे मात्र लक्ष जात नाही. देवळात ‘वराह’, वस्तीत आणि शिवीत ‘डुक्कर’, हॉटेलच्या कार्डावर ‘पोर्क’. पहिल्याला नमस्कार, दुसऱ्याला दगड, तिसऱ्याला वस्तू व सेवाकर.

हा तिसरा शब्द रुळताना पाहावयाचा असेल तर पिंपरी-चिंचवडसारखे ठिकाण नाही. देहू आणि आळंदी यांच्या मधोमध वसलेला हा मुलूख. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी, आणि दरवर्षी पालख्यांची वाट याच बाजूने. येथे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यामागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले आणि १९८२मध्ये महानगरपालिका झाली. कामासाठी मराठवाड्यातून, गोव्यातून, केरळातून, पुढे ईशान्येकडूनही माणसे आली. २००९मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि जर्मन अभियंत्यांची ये-जा वाढली. रविवारी खांदा चार-पाच तास भाजत ठेवण्याची त्यांची रीत, केरळातल्या ख्रिस्ती घरातले मिऱ्यांचे सुके मांस, मणिपूर-नागालँडच्या मुलांचे धुरावलेले तुकडे, हे सारे ‘पोर्क’ या एका शब्दाच्या छत्राखाली या शहरात नांदते. त्याच शहरात कैकाडी वा वडार वस्तीतला मनुष्य आपल्या घरी जे शिजते त्याचे नाव कामावरच्या डब्यात उघड घेत नाही, यात आम्हांला नवल वाटत नाही. २०१६च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले होते. पाटोळे यांचे पुस्तक तेव्हा नुकतेच आले होते. आपल्या साहित्यव्यवहाराने ते पुस्तक खऱ्या अर्थाने वाचले का, हा प्रश्न २०२४मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद गाजू लागल्यावर अधिक टोचणारा झाला.

येथे एक आक्षेप हमखास येतो: किळस जातीची नाही, आरोग्याची आहे. त्याचा विचार केला पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. टीनिया सोलियम हा पट्टकृमी डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाच्या आतड्यात जातो, हे खरे. म्हणून मोकाट फिरणाऱ्या डुकराचे मांस पूर्ण शिजवल्याखेरीज खाऊ नये. मंद आचेचे पाच तास येथे चवीइतकेच आरोग्याच्याही कामी येतात. परंतु त्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि डुकराला ती तिथूनच मिळतात. हीच अंडी दूषित पाण्यातून वा भाजीतून पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात, आणि ही व्याधी जन्मभर मांसाला न शिवलेल्या मनुष्यालाही होते. म्हणजे दोष शौचालये व गटारे न बांधणाऱ्या गावाचा. तो आपण आधी प्राण्यावर टाकला आणि प्राण्यावरून त्याला पाळणाऱ्या माणसावर. तोच प्राणी बंदिस्त गोठ्यात, स्वच्छ खाद्यावर वाढला की ‘पोर्क’ होऊन निर्धोक ठरतो. माणसावरचा डाग मात्र तसाच राहतो.

यातून साहित्याच्या अभ्यासकांनी काय घ्यावे? आमची सूचना साधी आहे. ‘मानसोल्लासा’तील मराठी ओळी शिकवताना त्याच तासाला अन्नभोगाचा तो भाग वाचून दाखवावा, आणि त्याच्या शेजारी ‘उपरा’ व ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ठेवावे. मराठी भाषेचा एक जुना पुरावा ज्या पोथीत सापडतो, तीतच अन्नभोगाच्या अध्यायात डुकराचे मांस मंद निखाऱ्यावर भाजले जात आहे. मराठी संस्कृतीचे ताट पहिल्यापासून सोवळे होते असे सांगणाऱ्यांना याच ग्रंथाचे तेवढे पान उलटून दाखवता येईल. विद्यार्थ्यांनी पुढचा प्रश्न स्वतः विचारावा: जी कृती राजाच्या नावावर लिहिली गेली म्हणून शास्त्र ठरली, ती वस्तीतल्या हाताने केली की किळस का ठरते? उत्तर त्यांना पाकशास्त्रात सापडणार नाही. त्यासाठी शब्दांचा इतिहास वाचावा लागेल, आणि ते काम आपल्या विभागांचे आहे.