सीताफळाच्या फुलातले भुंगेरे

लातूरहून अंबाजोगाईकडे आणि पुढे धारूरकडे जाताना बालाघाटच्या उतारांवर जागोजागी सीताफळाची झाडं दिसतात. बरीचशी तर कुणी लावलेलीच नाहीत. अंबाजोगाईला या फळाचं संशोधन केंद्र आहे, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, असं आम्ही शाळेत सांगितलं की मुलांना ते पटत नाही. नावातच सीता! रामफळही तिकडचंच, हे तर त्याहून पटत नाही.

मोठ्यांनाही ते पटलं नव्हतं. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ साली भारहूत स्तूपावर पुस्तक लिहिलं. त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत त्यांना सीताफळ दिसलं. त्यावर पुष्कळ वाद झाला, आणि जुन्या अवशेषांचा दाखला देणारे अभ्यासक आजही आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र सर्वसाधारणपणे मूळ अमेरिकाच मानतात.

फळ रुळलं, पण त्याचं फूल कुणी फारसं पाहत नाही. हिरवट, खाली मान घातलेलं, तीन जाड पाकळ्यांचं. आत मधोमध स्त्रीकेसर आणि त्यांच्याभोवती पुंकेसर. गंमत अशी, की कुक्षी आधी तयार होतात, आणि त्याच फुलातले परागकण बाहेर पडेपर्यंत त्या बहुधा वाळून गेलेल्या असतात. म्हणजे पराग दुसऱ्या फुलातूनच यायला हवा. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर. काहींनाच पराग मिळाला तर फळ वेडंवाकडं होतं. फारच थोड्यांना मिळाला तर फूल गळून पडतं.

फ्लोरिडात वेस्टर यांनी या वर्गातल्या झाडांच्या परागणाचे प्रयोग १९१० साली प्रसिद्ध केले. पुढे अनेक देशांतले बागाईतदार कुंचल्याने हाती परागण करू लागले. निसर्गात हे काम कोण करतं, याचा नीट उलगडा इस्रायलमधल्या संशोधकांनी १९८२ साली केला. निटिड्युलिड कुळातले, दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी भुंगेरे! फुलाच्या वासाने ते आत शिरतात, तिथेच मुक्काम करतात, आणि पराग झडू लागले की ते अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात. मधमाशी इथे उपयोगाची नाही. अर्धवट मिटलेल्या त्या पाकळ्यांत ती मावत नाही.

बागेत फिरताना आम्हाला हाच भुंगेरा ‘फुलं खाणारी कीड’ म्हणून दाखवला जातो, आणि मग फवारणी होते. खरी कीड असते पिठ्या ढेकूण. त्याला खाणारा क्रिप्टोलिमस हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला गेला, तोही कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. ते काम त्याला जमलं नाही. पण तो इथे टिकला, आणि आज प्रयोगशाळेत वाढवून द्राक्ष, पेरू, सीताफळाच्या बागांत सोडला जातो. अडचण एवढीच, की त्याच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे धागे असतात, आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. पैसे देऊन आणलेला मित्र शेतकरी स्वतःच चिरडतो!

ओळखायची खूण सोपी आहे. काडीने हळूच डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. ही अळी तुरुतुरु पळते.