परदेशी वैद्यकीय पदवीची मान्यता

परदेशी वैद्यकीय पदवीची मान्यता म्हणजे एका देशात मिळवलेल्या वैद्यकीय पदवीच्या आधारे दुसऱ्या देशात नोंदणी करून वैद्यक व्यवसाय करण्याची कायदेशीर परवानगी होय. भारतात यासंबंधीचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. महाराष्ट्रातील डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे होते.

इतिहास

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे एम.डी. पदवी मिळवली. त्यानंतर कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नियुक्ती झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनी अहमदनगर येथे रुग्णसेवा केली. मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही १९१२ च्या कायद्याने सुरू झाली. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता थांबवली. या वादाच्या पार्श्वभूमीवर १९३३ चा भारतीय वैद्यकीय परिषद कायदा झाला. त्यात परस्पर मान्यतेची तरतूद होती.

सद्यस्थिती

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा लागू आहे. ती वर्षातून दोनदा होते. एकूण ३०० प्रश्नांपैकी किमान १५० गुण मिळाल्यास उमेदवार उत्तीर्ण ठरतो. १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो. त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. शिवाय ती पदवी त्या देशातही व्यवसायाचा परवाना मिळण्यास पात्र असावी लागते. त्यानंतर भारतात पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. यांपैकी एक अट जरी अपुरी राहिली, तरी पदवी हाती असूनही नोंदणी मिळत नाही. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वीच या अटींची पडताळणी महत्त्वाची ठरते.

युक्रेन युद्धाचा परिणाम

फेब्रुवारी २०२२ मधील युद्धामुळे युक्रेनमधील भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळालेल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना चाळणी परीक्षेची मुभा देण्यात आली. मात्र प्रत्यक्ष प्रशिक्षणातील उणीव भरून काढण्यासाठी त्यांची आंतरवासिता दोन वर्षांची करण्यात आली.

अहिल्यानगर जिल्हा

जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, तर अहिल्यानगरजवळ विळद घाट येथे डॉ. विखे पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. भारतातील वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणवत्तेवर होतात. परदेशी पदवीच्या आधारे भारतात नोंदणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनाही २०१८ नंतरच्या प्रवेशांसाठी ‘नीट’ उत्तीर्ण असणे आवश्यक आहे.