उदगीरची स्थलांतरे आणि मायबोली

उदगीर म्हटले म्हणजे १७६० ची लढाई आठवते. परंतु आपल्या घरांतून अद्याप जिवंत असलेला इतिहास १९४७-४८ च्या पळापळीचा होय.

तेव्हा उदगीर निजामी राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. रझाकारांच्या जुलमामुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबे घरदार टाकून सोलापूर-बार्शीकडे गेली. तिकडेही मराठीच, तथापि ही माणसे बोलण्यावरून ‘मोगलाईतली’ म्हणून ओळखू येत. त्यास कारण होते. निजामी कचेरी उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. शिवाय शेजार कानडी-तेलुगूचा. मराठी टिकली ती ओवी, पोथी व कीर्तन यांच्या बळावर.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर दुसरी पळापळ झाली. ती निरपराध मुसलमान कुटुंबांची. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने बीदरही गणला आहे. हे सत्य झाकून इतिहास लिहिता येत नाही. त्या कुटुंबांची दखनीही याच मातीतली; तिच्यात शब्दावर जोर देणारा ‘च’ मराठीचाच आहे. घरे दुभंगली, बोली मात्र एकमेकींत गुंतलेल्याच राहिल्या.

१९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेले व उदगीर मराठी मुलखात आले. २०२२ साली ९५ वे मराठी साहित्य संमेलन येथेच भरले. आता ती पळापळ पाहिलेले वृद्ध थोडेच उरले आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, उर्दू-कानडी शब्द न गाळता, उतरवून ठेवाव्यात, अशी आमची तरुणांस विनंती आहे.