किती कापायचं? स्तनाच्या शस्त्रक्रियेची शंभर वर्षं

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने शस्त्रक्रियेच्या इतिहासावर का बोलावं? कारण सांगतो. डोक्यात बसलेली एखादी कल्पना हातातल्या सुरीपर्यंत कशी पोहोचते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

1894 साली बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पन्नास रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. ते स्तन तर काढतच, पण त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. यामागे एक चित्र होतं. रोग एका जागी सुरू होतो आणि पाण्यात भिजलेल्या कापडावर डाग पसरावा तसा कडेकडेने, क्रमाने पसरतो. मग डागापेक्षा मोठं कापड कापलं की झालं! पन्नासपैकी तीनच जणींत रोग त्याच जागी परत आला. त्या काळी हे अफाट यश होतं. पण बघा हं, हा आकडा ‘रोग त्या जागी परत आला का’ एवढंच सांगतो. ‘बाई किती जगली’ हा प्रश्न वेगळा आहे. पुढची सत्तरएक वर्षं या दोन प्रश्नांची गल्लत होत राहिली. बायका खपाटीला गेलेली छाती आणि सुजलेला हात घेऊन घरी जात राहिल्या.

जखम झाकायची कशी, हाही प्रश्न होताच. 1906 मध्ये इटलीतल्या पाव्हिया इथल्या इजिनिओ तान्सिनी यांनी पाठीवरचा स्नायू त्वचेसकट पुढे वळवून छातीवर बसवण्याची रीत सांगितली. माणसाच्या शरीराचाच तुकडा, मूळ रक्तपुरवठा न तोडता, फिरवून बसवायचा. हे तत्त्व आपल्याकडचंच, बरं का. पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक पुन्हा घडवलं होतं, आणि 1794 मध्ये ती हकिगत लंडनच्या मासिकात सचित्र छापून आली होती. हॉलस्टेड यांना मात्र अशी कलाकुसर पसंत नव्हती. खाली रोग परतला तर तो झाकला जाईल, ही भीती. ही भीती अगदीच खुळी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. तान्सिनींची रीत मागे पडली आणि 1970च्या दशकात पुन्हा शोधावी लागली. कापणारा एक, घडवणारा दुसरा, अशी वाटणी होऊन बसली.

चित्र बदललं ते पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्यामुळे. फिशर म्हणत, रोगाच्या पेशी फार लवकर रक्तात शिरलेल्या असू शकतात. मग छातीवर आणखी कापून आयुष्य कसं वाढणार? व्हेरोनेसींनी 1973 ते 1980 दरम्यान लहान गाठ असलेल्या 701 बायकांवर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत विभागणी झाली. एका गटावर हॉलस्टेडचं ऑपरेशन, तर दुसऱ्या गटात स्तनाचा फक्त चौथा भाग काढून नंतर किरणोपचार. वीस वर्षांनी, 2002 मध्ये, हिशेब आला. स्तन राखलेल्या गटात तीस जणींत रोग त्याच स्तनात परतला होता, दुसऱ्या गटात आठ जणींत त्या जागी. पण मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच! हॉलस्टेडची कसोटी लावली असती तर व्हेरोनेसी हरले असते.

आता खरी गंमत. चौथा भाग काढला की स्तन उरतो, पण तो कसा? खड्डा पडलेला, एका बाजूला ओढला गेलेला. किरणोपचारांनी तो आणखी आक्रसतो. आणि किरण दिलेल्या जागी नंतर दुरुस्ती करणं अवघड. म्हणजे घडवायचं तर त्याच वेळी, त्याच टेबलावर. 1990च्या दशकात जर्मनीत वर्नर आउड्रेच यांनी या जोडकामाला ‘ऑन्कोप्लास्टिक’ हे नाव दिलं. पॅरिसच्या क्रिश्ना क्लफ यांनी त्याला हिशेबाची शिस्त लावली: साधारण वीस टक्क्यांपर्यंत भाग काढायचा असेल तर उरलेला आतल्या आत जुळवून घेता येतो, त्याहून जास्त असेल तर स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनची पद्धत वापरायची. गाठ त्या काढायच्या भागातच जाते, स्तनाग्र रक्तपुरवठ्यासह वर सरकवतात, हवं तर दुसरा स्तनही जोडीला लहान करतात. अडचण एकच, पण मोठी. तपासणीत कडेला रोग सापडला तर पुन्हा कुठे कापायचं? सगळं तर हललेलं असतं! म्हणून गाठीच्या जागी धातूच्या बारीक खुणा ठेवून देतात.

एक गोष्ट राहिली. अमेरिकेत अनेक वर्षं रिवाज असा होता की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा आणि कर्करोग निघाला तर तिला न उठवताच स्तन काढून टाकायचा. जाग आल्यावर ती चाचपडून पाहायची. रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी 1974 मध्ये, स्वतःवर वेळ आली तेव्हा, याला नकार दिला. सर्जनमागून सर्जन त्यांना नाही म्हणाले. 1979 मध्ये अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं असं सुचवलं. त्या मंडळात कुशनरही होत्या.

आजच्या ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रियेत आडवं झाल्यावर स्तनाचा आकार बदलतो, म्हणून रेघा आधीच आखाव्या लागतात. बाई जागी असते, उभी असते, आणि सर्जन पेन घेऊन तिच्यासमोर असतो. काय विचारायचं ते ती तेव्हा विचारू शकते.