घरची चूल आणि बाजाराचा तराजू

मंडळी, आजच्या व्याख्यानाचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे. ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीवरचा पूल ओलांडला की आपली कशेळी लागते. येथील एका नव्या इमारतीत राहणाऱ्या शेजारणीने परवा मला विचारले, "काका, माझ्या हातचा केक सगळ्यांना आवडतो. वाढदिवस आला की लोक हक्काने मागून नेतात. आता याचे पैसे घेऊ का? नोकरी सोडून हाच उद्योग धरू का?" मी पडलो इतिहासाचा अभ्यासक, भट्टीतले मला काय कळणार? तथापि हा प्रश्न आपल्याकडे यापूर्वीही विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरे काही बायकांनी स्वतःच्या हातांनी दिली आहेत, एवढे मला ठाऊक होते. तीच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम भट्टीविषयी. पाव हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. गोव्यातील पोदेर पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर वापरीत. महाराष्ट्रातील अनेक सोवळ्या घरांना भट्टीचा पदार्थ दीर्घकाळ परका, किंबहुना वर्ज्यच होता. पुढे मन निवळले, तरी भट्टी काही घरात आली नाही. तूप, साखर आणि मैदा डब्यात भरून बेकरीत न्यावयाचे आणि भाजणावळ देऊन नानकटाई घरी आणावयाची, ही रीत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कोणी हौशी गृहिणी पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून केक करी. विजेची भट्टी ओट्यावर आली, तेव्हा कोठे हा छंद पूर्णपणे घरचा झाला. म्हणून घरचा पदार्थ बाजारात कसा गेला, हे शोधावयाचे तर भट्टीपेक्षा पापडाच्या पोळपाटाकडे आणि खाणावळीच्या चुलीकडे पाहिले पाहिजे.

15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकी एक. भांडवल 80 रुपयांचे आणि तेही छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. हीच पुढे 'लिज्जत' म्हणून घरोघरी पोचलेली संस्था. पापड लाटणे ही काही नवी विद्या नव्हती. चाळीतील प्रत्येक बाईला ती येत होती. नवे होते ते दुसरेच. या भगिनींनी प्रथम दोन प्रतींचे पापड केले, एक उत्तम आणि एक स्वस्त. पारेखांनी त्यांस बजावले, की प्रत एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. देणगी न घेण्याचा निर्धार त्यांनी केला. पहिल्या वर्षी पावसाळ्यात ऊन मिळेना आणि चार महिने काम बंद राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि काम चालू! पहिल्या वर्षाची विक्री सहा हजार रुपयांच्या थोडी वर होती. लाटणारीला लाटलेल्या पापडांच्या वजनावर मजुरी मिळे आणि तीच संस्थेच्या नफ्यातोट्याची वाटेकरीणही असे. घरात ज्या श्रमाला कोणी मोजत नव्हते, तो श्रम येथे तराजूत पडला. या उद्योगाचे खरे रहस्य मला येथे दिसते.

दुसरे उदाहरण गिरणगावातले. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून मुंबईत राहत आणि महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवत. या खाणावळी बहुधा कामगारांच्याच घरच्या बाया चालवीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत चूल विझत नसे. पण वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज फेडता फेडता हाती फारसे काही उरत नसे. 1973-74 च्या संपात त्यांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यांच्या हाताला चव पूर्वीही होती. कमतरता होती ती पतीची, म्हणजे बाजारातल्या पतीची. पुढे 1982 चा संप आला, गिरण्या थंडावल्या आणि ज्यांचे गिऱ्हाईक केवळ गिरणी कामगार होते त्या चुलींवर फार मोठे संकट कोसळले. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे किती धोक्याचे, हे त्या वर्षाने शिकवले.

आता आपल्या कशेळीच्या प्रश्नाकडे वळू. छंदाचे मोल कौतुकाने फिटते. धंद्याचे फिटत नाही. कौतुक करणारा पाहुणा आणि पैसे मोजणारा गिऱ्हाईक ही एकाच माणसाची दोन रूपे असतात, आणि दुसऱ्या रूपात तो अधिक कठोर असतो. म्हणून मी त्या मुलीला म्हटले, "बाई, नोकरी आजच सोडू नकोस. आधी चार पाकिटांची सुरुवात कर. सामानाबरोबर विजेचा, डब्याचा आणि तुझ्या स्वतःच्या तासांचाही हिशेब वहीत लिही. प्रत एकच ठेव. तुझा पावसाळा कोणता, तो ओळखून ठेव. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरून विकणाऱ्यासही नोंदणी लागते, तीही करून घे. सहा महिन्यांनी ती वही मला दाखव."

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, माझ्या तासांचा भाव किती लावू?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. परंतु गच्चीवरच्या त्या सात जणी काय किंवा गिरणगावातल्या अन्नपूर्णा काय, त्यांचा उद्योग खऱ्या अर्थाने सुरू झाला तो हा प्रश्न पडला तेव्हाच. आपल्या शेजारणीला तो पहिल्याच दिवशी पडला, हे मला शुभचिन्ह वाटते. आता आपले काम एवढेच, की उद्या तिच्या दारात केक घ्यावयास गेलो, तर शेजारधर्माच्या नावाखाली फुकट मागू नये.