एटीकेटी म्हणजे नापास नव्हे

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं पोर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात गावातल्या एका मुलाचा फोन आला. "दादा, दोन विषयांत एटीकेटी लागली. घरचे म्हणतात, आता कॉलेज बास, शेतात लाग." त्याला समजावलं, पण फोन ठेवल्यावर माझी चुलतबहीण आठवली.

आमच्या घरातून निमोण्याहून एसटीने शिरूरला कॉलेजला जाणारी ती पहिली मुलगी. एफवाय बीकॉमच्या निकालावर चार इंग्रजी अक्षरं आली. चुलत्यांनी तो कागद एका शिकलेल्या माणसाला दाखवला. तो म्हणाला, "राहिली." त्याला म्हणायचं होतं की एक विषय राहिला. चुलत्यांनी ऐकलं, पोरगी राहिली. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मी तेव्हा बारावीला होतो. त्या चार अक्षरांचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता, म्हणून गप्प बसलो. ते अजून टोचतं.

एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'. मराठीत सांगायचं तर, 'पुढच्या सत्रात बसायला परवानगी आहे'. म्हणजे तो शब्द दार लावणारा नाही, दार उघडं ठेवणारा आहे. आपण मात्र रोग लागल्यासारखं "एटीकेटी लागली" म्हणतो.

यातला 'टर्म' शब्द फार जुना. इंग्लंडमध्ये विद्यापीठांचं आणि न्यायालयांचं वर्ष टर्ममध्ये वाटलेलं असायचं. नुसती परीक्षा देऊन भागत नसे, तितक्या टर्म तिथं हजर राहून भराव्या लागत. बॅरिस्टर होणाऱ्यांची तर गंमतच. लंडनच्या ज्या संस्थेत नाव घातलं, तिथं प्रत्येक टर्ममध्ये ठरावीक वेळा रात्रीच्या जेवणाला हजर राहिलं की टर्म भरली! महात्मा गांधींनी आत्मकथेत या जेवणांबद्दल लिहिलंय. अशा बारा टर्म भराव्या लागत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये याच कामासाठी नाव घातलं. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मात्र लंडन विद्यापीठाकडून त्यांनी चार वर्षांच्या आत परतायची परवानगी घेतली होती. इकडे नोकरी केली, पैसे जमवले आणि १९२० साली ते पुन्हा गेले. १९२१ ला एमएस्सी, १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डीएस्सी. मधे पडलेल्या खंडाला त्यांनी शेवट मानलं नाही. नियमात परतायची वाट कुठं आहे, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हा ही टर्म भरायची पद्धत आपल्याकडे आली. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठ नवं, पण बोली तीच राहिली. आजही प्राध्यापक म्हणतात, "हजेरी नाही, टर्म ग्रँट होणार नाही." शब्द लंडनचा आणि दम शिरूरच्या वर्गात!

आता दुसरा शब्द, क्रेडिट. आपल्याकडे क्रेडिट म्हटलं की सोसायटीचं पीककर्ज आठवतं. विद्यापीठात मात्र क्रेडिट म्हणजे देणं नव्हे, कमाई. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. साधारण १५ तास वर्गात शिकलं की एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला ३० तास.

शिक्षण असं तासात मोजायची पद्धत रुजायला अमेरिकेत एक पेन्शन योजना कारण झाली. अँड्र्यू कार्नेगी या पोलादाच्या कारखानदाराने १९०५ साली प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर दिले. पण कुठलं कॉलेज खरं कॉलेज मानायचं? म्हणून अट घातली की प्रवेशासाठी शाळेतला अभ्यास ठरावीक तासांच्या 'युनिट'मध्ये मोजलेला हवा. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी ते माप स्वीकारलं. पुढे तासांचं हे माप कॉलेजच्या शिक्षणातही रुळलं.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून याच मापावर पदवी चालू झाली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. एका वर्षानंतर थांबावं लागलं तर अटी पूर्ण करून प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर पदविका. कमावलेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या खात्यावर जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत पुन्हा वापरता येतात. पासबुक समजा. आज काढता आलं नाही म्हणून पैसे बुडत नाहीत.

माझ्या बहिणीच्या वेळी अशी बँक नव्हती. पण एटीकेटी होती, आणि तेवढी पुरेशी होती. परीक्षा पुन्हा देता आली असती, दुसऱ्या वर्षाचा वर्गही सुटला नसता. परिस्थिती आड आली असती तर समजलं असतं. आमच्याकडे आड आला तो फक्त एक न समजलेला शब्द.

म्हणून एक विनंती. मार्कशीटवर अनोळखी शब्द दिसला की त्याच दिवशी निर्णय घेऊ नका. किती विषय राहिले तर पुढे जाता येतं, हे अभ्यासक्रमाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं. कॉलेजच्या ऑफिसात जा आणि दोनच प्रश्न विचारा: "पुढच्या वर्गात प्रवेश मिळतो का? राहिलेल्या विषयाचा फॉर्म कधी भरायचा?" मुलगी असेल तर वडिलांनी स्वतः सोबत जावं.

कुणाला तेही अवघड वाटत असेल, तर मार्कशीट घेऊन माझ्याकडे या. त्या वेळी मी गप्प बसलो होतो, आता बसणार नाही.

फोन करणारा तो मुलगा सोमवारी कॉलेजात जाऊन आला. त्याला एसवायला प्रवेश मिळतोय.