ललितकलादर्श : एक मंडळी, तीन आवाज

महाराष्ट्रांत संगीत नाटक मंडळ्या पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ बुडाल्या. नाटक मंडळीचें आयुष्य बहुधा तिच्या मुख्य नटाच्या गळ्याएवढेंच असतें, असा अनुभव आहे. गळा उतरला कीं उत्पन्न उतरतें, उत्पन्न उतरलें कीं कर्ज चढतें, आणि मग एके दिवशीं पडदे, पोषाख व ऑर्गन यांचा लिलाव होऊन मंडळीचें केवळ नांव मागें राहतें. या नियमाला जे थोडे अपवाद घडले, त्यांत ‘ललितकलादर्श’ मंडळीची गणना अग्रक्रमानें करावी लागेल. १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळी येथें स्थापन झालेल्या या मंडळीनें २००८ सालीं शंभर वर्षें पुरीं केलीं. मधल्या काळांत तिचे धनी बदलले, नाटकांचे विषय बदलले, आणि विशेषेंकरून तिचें गाणें इतकें बदललें कीं, पहिल्या वर्षींच्या प्रेक्षकाला पन्नास वर्षांनंतरचा तिचा प्रयोग परक्या मंडळीचा वाटला असता. तरीहि मंडळी तीच, असें लोकांनीं मानलें. तें कां मानलें, आणि तसें मानणें कितपत योग्य, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

संगीत नाटक मूळचें कसें होतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘शाकुंतला’चा प्रयोग केला. त्या संपूर्ण नाटकांत पुढें दोनशेंच्या आसपास पदें झालीं. साकी, दिंडी, कीर्तनांतल्या व घरगुती गाण्यांतल्या चाली, कांहीं कर्नाटकी वळणें, असा त्या संगीताचा थाट होता. पद लहान, अर्थ स्पष्ट आणि विस्तार बेताचा. पात्राला जें बोलावयाचें तेंच तें गाऊन बोले. पुढें गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ नाटकानें १८९९ सालीं जरठ-कुमारी विवाहासारखा घरोघरचा प्रश्न याच सोप्या पदांतून लोकांच्या काळजाला भिडविला. या ‘शारदे’ची भूमिका करूनच कोल्हापूरचा एक पोरवयाचा गायक नट महाराष्ट्राला ठाऊक झाला. त्याचें नांव केशवराव भोसले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. घरच्या हलाखीमुळें अगदीं लहानपणींच ते ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळींत दाखल झाले. ज्या वयांत इतर मुलें शाळेंत पाढे म्हणतात, त्या वयांत ते हजार प्रेक्षकांसमोर उभे राहून गात होते. पुढें ती मंडळी सोडून त्यांनीं स्वत:ची ‘ललितकलादर्श’ काढली, तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. त्यांच्या गाण्याचें वर्णन करणारे सारे जण उंच पट्टी, बुलंद आवाज आणि विजेसारखी चपळ तान यांचा उल्लेख करतात. या गुणांचें एक कारण त्यांच्या अंगच्या देणगींत आहे, तसें दुसरें त्या काळच्या नाट्यगृहांतहि आहे. त्या वेळीं ध्वनिवर्धक नव्हते. पत्र्याच्या किंवा तट्ट्यांच्या थिएटरांत अगदीं मागें बसलेल्या पिटांतल्या माणसालाहि पदाचें अक्षर न् अक्षर ऐकूं आलें पाहिजे, ही पहिली अट होती. प्रयोग रात्रीं सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, आणि ‘वन्समोअर’ झाला कीं तेंच पद पुन्हां, पहिल्याहून अधिक तयारीनें म्हणावें लागे. ज्याचा गळा या कसोटीला उतरेल त्याचीच मंडळी चालावयाची.

गळा देवानें दिला तरी त्याला विद्या माणसानेंच द्यावी लागते. केशवरावांना ती देणारे रामकृष्णबुवा वझे हे सावंतवाडी संस्थानांतले. गाण्याच्या ध्यासानें त्यांनीं लहान वयांत घर सोडलें, आणि हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरीस निसार हुसेनखां यांच्यापाशीं विद्या संपादन केली. अप्रचलित रागांचा मोठा सांठा त्यांच्याजवळ होता. १९११ सालीं ‘मानापमान’ नाटकासाठीं गोविंदराव टेंबे यांनीं पूरब बाजाच्या चाली आणल्या, आणि १९१६ सालीं भास्करबुवा बखले यांनीं ‘स्वयंवरा’ला रागदारीचा साज चढविला. नाट्यसंगीत कीर्तनाच्या ओसरीवरून निघून मैफलीच्या बैठकीकडे चाललें होतें. वझेबुवांनीं ‘ललितकलादर्शा’ला त्याच वाटेनें नेलें. परंतु त्यांच्या चालींत ठुमरीच्या नखऱ्यापेक्षां ग्वाल्हेरीचा ठोसपणा अधिक होता, व तो केशवरावांच्या मर्दानी आवाजाला शोभून दिसला.

गाणें असें भरजरी होत असतांना नाटकाचा विषय मात्र साध्या घरांत शिरूं पाहत होता. त्याला कारण झालें रत्नागिरी जिल्ह्यांतलें एक गृहस्थ. भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांचा जन्म १८८३ सालीं चिपळुणास झाला. त्यांनीं उमेदीच्या काळांत टपाल खात्यांत नोकरी केली. टपाल खात्यांतल्या माणसाला गांवोगांवचीं सुखदु:खें जवळून दिसतात, आणि तीं वरेरकरांना चांगलींच दिसलीं असावींत. त्यांचें ‘कुंजविहारी’ हें पौराणिक नाटक १९०८ सालीं, म्हणजे ‘ललितकलादर्श’ निघाली त्याच वर्षीं, रंगभूमीवर आलें. पुढें याच मंडळीसाठीं त्यांनीं हुंड्याच्या चालीवर ‘हाच मुलाचा बाप’ लिहिलें, आणि १९१९ सालीं धर्मांतराच्या प्रश्नावर ‘संन्याशाचा संसार’ दिलें. राजे आणि अप्सरा यांच्या जागीं मध्यम स्थितींतला बाप, वरपक्ष आणि उपवर मुलगी रंगभूमीवर वावरूं लागलीं.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झालें. टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ ‘ललितकलादर्श’ व ‘गंधर्व नाटक मंडळी’ एका रंगमंचावर आल्या. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एका बाजूला तेजस्वी तान, दुसऱ्या बाजूला लडिवाळ आर्जव. त्या काळच्या नाट्यसंगीताचे दोन्ही पक्ष त्या रात्रीं समोरासमोर उभे राहिले. या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवरावांचा अंत झाला. वय अवघें ३१ वर्षांचें. ज्या गळ्यावर मंडळी उभी होती तो गळा गेला. नेहमींच्या नियमाप्रमाणें मंडळीचें आयुष्य येथेंच संपावयाचें.

तें संपलें नाहीं, याचें श्रेय व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांना दिलें पाहिजे. मंडळीची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हां त्यांच्यापुढें दोन मार्ग होते. केशवरावांचीं पदें केशवरावांप्रमाणेंच म्हणून दाखवावयाचीं, हा एक. परंतु नकलेला मुळाची सर येत नाहीं, आणि प्रेक्षक प्रत्येक पदाला मनांतल्या मनांत तुलना करीत राहतो. दुसरा मार्ग असा कीं, आपल्या गळ्याला साजेल तें नवें नाटक उभें करावयाचें. बापूरावांनीं दुसरा मार्ग धरला. १९२२ सालीं वरेरकरांचें ‘सत्तेचे गुलाम’ आलें, १९२३ सालीं अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचें ‘तुरुंगाच्या दारांत’ आलें, आणि १९३२ सालीं गिरणी कामगारांच्या जीवनावरचें ‘सोन्याचा कळस’. पु. श्री. काळे यांच्यासारखा कुशल नेपथ्यकार मंडळीला लाभला, आणि रंगविलेल्या पडद्यांच्या ठिकाणीं खऱ्या दारां-खिडक्यांची खोली रंगमंचावर दिसूं लागली.

येथें एक अडचण उभी राहिली, आणि ती संगीत नाटकाच्या मुळालाच हात घालणारी होती. राजवाड्याच्या पडद्यापुढें राजा दहा मिनिटें एखादा राग आळवीत उभा राहिला, तर कोणाला कांहीं वाटत नाहीं. परंतु खादी नेसलेला वकील आपल्या खोलींत, खुर्ची-टेबलाशेजारीं उभा राहून ताना मारूं लागला, तर ती खोलीच खोटी वाटूं लागते. नेपथ्य जितकें खरें तितकें गाणें अवघड. बापूरावांचा आवाज गोड व भावपूर्ण होता. शब्दाला जपून गाण्याकडे त्यांचा कल होता. पदें कमी झालीं, विस्तार आंखडला, आणि पद हें पुन्हां संवादाच्या जवळ आलें. किर्लोस्करांनीं जेथून आरंभ केला होता, त्या ठिकाणाकडे मंडळी वेगळ्या वाटेनें परत येत होती. ज्यांना केशवरावांची तान हवी होती, त्यांना हें गाणें फिकें वाटलें असल्यास नवल नाहीं. पण त्यांतूनच मंडळीला पुढचीं पंधरा वर्षें मिळालीं.

१९३२ सालीं मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचा पाया हादरला. चार आण्यांत तेंच गाणें, तेंच रडणें, आणि तेंहि दोन-अडीच तासांत मिळूं लागलें. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकानें भावगीताच्या वळणाचीं थोडीं पदें व स्त्रियांनीं केलेल्या स्त्रीभूमिका यांचा नवा पायंडा पाडला. जुन्या मंडळ्या एकेक करून मिटूं लागल्या. १५ मार्च १९३७ रोजीं बापूरावहि निवर्तले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र हे त्या वेळीं पंधरा वर्षांचे होते.

भालचंद्र पेंढारकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा. केशवरावांच्या निधनानंतर दोन महिनेहि झाले नव्हते. ज्या वझेबुवांनीं केशवरावांना तालीम दिली, त्याच वझेबुवांपाशीं भालचंद्र गाणें शिकले. १९४२ सालीं त्यांनीं वडिलांच्याच ‘सत्तेचे गुलाम’ या नाटकानें मंडळी पुन्हां उभी केली. आतां शंभर माणसांचें बिऱ्हाड घेऊन गांवोगांव फिरणें परवडणारें नव्हतें. पहाटेपर्यंतचा प्रयोग साडेतीन-चार तासांवर आला, रंगमंचावर ध्वनिवर्धक आला, आणि त्याबरोबर गळ्याचें शास्त्रहि बदललें. आरोळी देण्याचें कारण उरलें नाहीं. कुजबुजहि मागच्या रांगेला पोंचूं लागली. १९५७ सालच्या बाळ कोल्हटकरांच्या ‘दुरितांचे तिमिर जावो’ या नाटकांत गाणें जवळजवळ भावगीत झालें. घरगुती करुणरसाला तेंच शोभणारें होतें, आणि त्या नाटकाला अपार लोकप्रियता लाभली.

मंडळी यापुढें पदें टाकून केवळ गद्य नाटकें करील, असें कोणी भाकीत केलें असतें, तर तें खोटें ठरलें असतें. १९६० सालीं तिनें विद्याधर गोखले यांचें ‘पंडितराज जगन्नाथ’ आणलें. संगीत दिलें वसंत देसाई यांनीं. हेहि सावंतवाडीकडचे, चित्रपटसंगीतांत मोठी कीर्ति मिळविलेले. त्यांनीं रागदारी परत आणली, परंतु चित्रपटाकडून शिकलेला नेटकेपणा सोडला नाहीं. मुखडा चटकन् मनांत भरावा, तान जागेवर यावी आणि पद वेळेंत संपावें, असा तो घाट होता. १९६६ सालच्या ‘जय जय गौरीशंकर’ नाटकांतहि तोच थाट दिसतो. केशवरावांचें तेज, बापूरावांची शब्दनिष्ठा आणि नव्या यंत्राची मर्यादा यांचा मेळ बसला तो येथें.

तेव्हां मंडळी तीच राहिली असें म्हणावयाचें कशावरून? आवाज तोच नव्हता, चालीहि त्याच नव्हत्या. पण तालमीची परंपरा गुरूकडून शिष्याकडे अखंड आली, आणि आपल्या काळाचा प्रश्न आपल्या काळाच्या सुरांत मांडण्याचा परिपाठ तीन पिढ्यांनीं मोडला नाहीं. या बदलांत कांहीं गमावलें, हेंहि मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. ध्वनिवर्धकाशिवाय थिएटर भरून टाकणारा गळा आतां घडत नाहीं, कारण तो घडविणारी गरजच उरली नाहीं.

हें गमावणें किती पुरतें असतें, याची जाणीव भालचंद्रांना झाली असावी. त्यांनीं स्वत:च्या व इतरांच्याहि अनेक नाटकांचें ध्वनिमुद्रण करून तें जपून ठेवलें. तिसरी घंटा ठरल्या मिनिटाला देण्याबद्दल ज्यांची ख्याति होती, त्या गृहस्थाला काळाची किंमत कोणी शिकवावयाची गरज नव्हती. ११ ऑगस्ट २०१५ रोजीं त्यांचें निधन झालें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं बांधविलेलें आणि पुढें केशवरावांचें नांव दिलेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशीं, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दगडामातीच्या वास्तूची ही गत होते, तेथें फितींवरच्या आवाजाचें काय सांगावें? त्यांची निगा प्रत्येक पिढीनें पुन्हां पुन्हां करावी लागते.

वझेबुवा, वरेरकर, वसंत देसाई हे तिघेहि कोंकणच्या मातींतले. रत्नागिरींत ‘खल्वायन’सारखी संस्था आजहि संगीत नाटकें बसविते, आणि राज्याच्या संगीत नाट्य स्पर्धेची अंतिम फेरी या नगरींत अनेकदां रंगली आहे. तेथें नवी मुलें जुनीं पदें म्हणतात. त्यांनीं जुन्या चाली अवश्य शिकाव्यात. मात्र ‘ललितकलादर्शा’च्या इतिहासावरून एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या मंडळीनें जुनें पद चोख म्हणून दाखविलें आणि दुसऱ्या दिवशीं नव्या पदाची तालीम सुरू केली, तीच मंडळी शंभर वर्षें टिकली.